गुळाचा खडा

वेवजीहून निघताना सोमीने सुनेला बजावले होते, “पोरीच्या पायातले वाळे काढू नको हां. परक्या घरात ती कुठं हाय ते कानाला कळलं पायजे.”

ते परके घर म्हणजे सोमीच्या थोरल्या मुलाचे, दिपकचे घर होते. तरीही पुष्पा सासूला उलट बोलली नाही, आणि तिने वाळे काढले नाहीत. म्हणूनच फेब्रुवारीतल्या त्या रविवारी दुपारी, डहाणूच्या रेल्वे वसाहतीतील दिरांच्या बैठकीच्या खोलीत बसलेली असताना, तिचे डोळे बोलणाऱ्या माणसांकडे होते, परंतु कान मात्र आतल्या खोलीत निजलेल्या मुलीकडे लागलेले होते.

गेल्या नोव्हेंबरात वेवजी-तलासरीच्या बाजूची धरणी हलू लागली, तेव्हापासून पुष्पाचे शरीर जणू दोन कानांपुरतेच उरले होते. बारकीला दीड वर्ष होऊन गेले होते. या वयाचे मूल एका जागी ठरत नाही. बापाची चप्पल पायात घालून ते कोंबड्यांमागे जाते, भाताचा घास थुंकून त्याच जागी माती तोंडात घालते, अंघोळीच्या दगडावरून ओल्या अंगाने निसटते. इतर आयांना याचे हसू येत असेल. पुष्पा मात्र एका हाताने घास भरवी आणि दुसऱ्या हाताने मुलीच्या झबल्याचे टोक धरून ठेवी. आधी जमिनीच्या पोटातून सुरुंगासारखा आवाज येई, आणि माणसाने काय झाले म्हणून मान वळवावी तोच पायाखालची भुई सरके. तिच्या नवऱ्याने, सुनिलने, दोन वर्षांपूर्वी हौसेने बांधलेल्या विटांच्या घराची मागची भिंत फाटली होती. सारे कुटुंब खळ्यात ताडपत्रीखाली राहत होते. तथापि मूल काही ताडपत्रीखाली बसून राहत नाही. ते पुन्हा पुन्हा घरात शिरते, कारण त्याचे खेळणे म्हणजे आईची भांडी, आणि भांडी घरात असतात.

यावर सुनिलने एक युक्ती योजिली होती. आढ्याला सुतळीने एक जर्मनचे ताट टांगून त्यात त्याने दोन पेले पालथे ठेवले. भुई किंचित हलली तरी पेले खणखणत. मग त्याने मुलीला शिकवण दिली. तो सुतळी हलवी, पेले वाजत, आणि बाहेर खळ्यात बसलेली सोमी हाक मारी, “ये गो बारके, ये!” बारकी धावत बाहेर गेली, मोकळ्यात जाऊन बसली आणि तिने हात पुढे केला, की सोमी पदराच्या गाठीतून गुळाचा खडा काढून तिच्या तळहातावर ठेवी. आठवडाभरात मूल इतके तरबेज झाले की खणखणाट ऐकताच हातातले टाकून ते पळे. पाड्यावरची माणसे कौतुक करीत. सासरे जिव्या तर म्हणत, “आमच्या पोरीला मोठ्या माणसांपेक्षा अक्कल हाय.” जिव्या आज शेळ्यांपाशी मागे राहिले होते. निरोप देताना त्यांनी नातीकडे पाहिलेही नव्हते.

कारण बारकीला आज डहाणूला ठेवून जायचे होते, पाऊस लागेपर्यंत.

आतून काहीतरी किणकिणले. स्टेशनातून सुटलेली एखादी गाडी गेली असावी. पुष्पाने दारातून डोकावले. निजलेल्या मुलीच्या पापण्या थरथरल्या, पाय एकदा झाडला गेला, वाळे वाजले. “सपान पडलं,” असे मनाशी म्हणून पुष्पा परत येऊन बसली.

*

स्वयंपाकघरात दीप्ती चिकू चिरीत होती आणि तिच्या मनात राग होता. गुरुवारी रात्री जेवताना दिपकने तिला सांगितले होते, “रविवारी बारकी येणार आहे राहायला.” विचारले नव्हते, सांगितले होते. दीप्ती सकाळच्या शाळेत शिकवीत असे. त्या वेळात मूल कोणी सांभाळायचे, या प्रश्नावर दिपकचे उत्तर तयार होते: अहिल्याआई येतील. अहिल्याबाई म्हणजे कैलासवासी शांताराम गुरुजींच्या पत्नी. दिपकला तिसऱ्या वर्षापासून त्यांनीच वाढविले होते. त्यांचे गुडघे आता त्यांना मुलामागे धावू देणार नव्हते, हे दिपकला दिसत नव्हते, की पाहायचे नव्हते, हे दीप्तीला समजेना.

सोमी आत आली आणि थेट फरशीवर बसली.

“सासूबाई, खुर्ची आहे ना.”

“खुर्चीत बसून भाजी निवडता येत नाय मला.”

“आज निवडायची भाजीच नाहीये.”

“मग उगाच बसते.”

दीप्तीला नको असताना हसू आले. सोमीने मांडणीकडे पाहिले. भिंतीवर स्टीलची मोठी मांडणी होती, तिच्यात ताटे, वाट्या, पेले ओळीने लावलेले होते. “किती घासतेस गो,” ती म्हणाली, “तोंड दिसतं त्यांच्यात.” मग आवाज खाली आणून तिने विचारले, “खरं सांग. तुला पोर ठेवायचंय?”

“मला विचारलं कोणी?”

“मला पण नाय विचारलं.”

दीप्तीच्या लग्नाला सात वर्षे झाली होती. या सात वर्षांत या दोघी एका बाजूला अशा प्रथमच बसल्या होत्या. दीप्तीने चिकूची एक फोड सोमीपुढे धरली. सोमीने ती घेतली.

“मग बोला ना बाहेर,” दीप्ती म्हणाली. “तुमचं ऐकतील ते.”

“बोलते. पण तू मागं राहू नको.”

*

सोमी बाहेर गेली आणि खरोखरच बोलली.

“दिपक, पोर काय मी इथं ठेवत नाय.”

दिपक खुर्चीत पुढे सरकला. तो रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन म्हणून नोकरीला लागला त्यास बारा वर्षे झाली होती, आणि रुळांवरच्या माणसाची शिस्त त्याच्या बोलण्यातही उतरली होती. “आये, ऐक. तुमच्या भिंतीच्या भेगेत माझी मूठ जाते. मी बघून आलोय. एक दिवस ती भिंत आत पडली आणि पोर आत असलं, तर?”

“पोर पळतं. शिकवलंय आमी तिला.”

“दीड वर्षाच्या पोरीच्या पळण्यावर तुम्ही तिचा जीव ठेवणार?”

“दादा बरोबर बोलतोय, आये,” सुनिल म्हणाला. धाकटा असल्यामुळे असेल, तो भावासमोर नेहमीच मान खाली घालून बोले. “मी कामावर जातो तर हात चालत नाय माझा. सारखं वाटतं, आत्ता हललं तर.”

“हललं तर आमी सगळी हाय तिथं.”

“इथं हलतच नाही ना एवढं!” दिपक म्हणाला. “म्हणूनच म्हणतो. मलाही तुम्ही पाठवलं होतंत की गुरुजींकडं. काय वाईट झालं माझं?”

अहिल्याबाईंना दिपकने सकाळीच घरी आणले होते. त्या कोपऱ्यातल्या पलंगावर बसल्या होत्या. त्यांनी हातातली काठी एका बाजूची दुसऱ्या बाजूला ठेवली.

सोमी म्हणाली, “वाईट काय व्हायचं? शिकलास, नोकरीला लागलास. गुरुजींचे उपकार हाय आमच्यावर, मी नाय म्हणत नाय. पण जो दिला तो परत आला का? पावना आला.”

“आये! मी दर दिवाळीला येतो.”

“दिवाळीला पावनेच येतात.”

दिपकचा चेहरा उतरला. सुनिलने घाईने बायकोकडे पाहिले. “पुष्पे, तू सांग. पोर तुझं हाय.”

सर्वांचे डोळे पुष्पाकडे वळले. सासूचे डोळे तर तिच्यावर हक्काने स्थिरावले, कारण रोज खळ्यात त्या दोघीच मुलीमागे धावत होत्या. पुष्पाने पदर बोटाला गुंडाळला, सोडला. तिच्या मनात जे होते ते आईने बोलण्याजोगे नव्हते.

“मला झोप पायजे,” ती म्हणाली.

“काय?”

“तीन महिने झाले, मी कान मिटून झोपले नाय. तिचं वाळं वाजलं तरी भीती, नाय वाजलं तरी भीती. काल मी तिला मारलं. ती नुसती हसत होती, नि मी मारलं.” तिचा आवाज चिरकला. “राहू दे तिला इथं. पावसापर्यंत.”

 सोमीने मान वळवली, आणि ते पुष्पाला माराहून अधिक लागले.

*

दीप्ती चहाचा ट्रे उचलीत होती. चिकूची साले शेजारच्या गाईला टाकण्यासाठी तिने मागचे दार उघडले होते, आणि ते तसेच राहिले होते. बारकी केव्हाच जागी होऊन स्वयंपाकघरात आली होती आणि फरशीवर बसून उलथण्याने डबा बडवीत होती. मूल दिसायला गोड होते, हे दीप्तीला मान्य करावे लागले. ट्रे घेऊन ती बैठकीच्या दारात पोहोचली, त्याच वेळी मालगाडी आली.

मालगाडी लांब होती आणि भरलेली होती. जमिनीतून आधी एक घरघर आली, मग भिंत थरथरू लागली आणि मांडणीवरची सारी ताटे, सारे पेले एकसाथ खणखणू लागले.

बैठकीतली तीन माणसे विजेसारखी उठली. सुनिल उठला, सोमी उठली, पुष्पा उठली. कोणी कोणाला हाक मारली नाही. तिघेही एका उडीत पुढच्या दाराबाहेर होते.

“अरे, बसा, बसा!” दिपक मोठ्याने हसला. “मालगाडी आहे! दिवसातून पन्नास जातात!”

तिघे पायरीवर उभे होते. सुनिलने कपाळाला हात लावला आणि तोही ओशाळून हसला. सोमी पुटपुटली, “मेली गाडी!” पुष्पासुद्धा हसली. कित्येक दिवसांनी हसली. आणि हसता हसताच तिच्या ध्यानात आले की गाडीच्या आवाजात तिला वाळे ऐकू येत नाहीत.

“बारकी कुठं हाय?”

दारात उभ्या असलेल्या दीप्तीने मागे वळून पाहिले. फरशीवर डबा होता, उलथणे होते. मागचे दार उघडे होते.

पुढचे सारे दीप्तीच्या स्मरणात तुकड्या-तुकड्यांनी राहिले. ट्रे कोठे पडला ते तिला कळले नाही. मागच्या अंगणाच्या शेवटी कुंपण होते, आणि येण्याजाण्याच्या सोयीसाठी लोकांनी त्यात पाडलेली एक वाट होती. त्या वाटेपलीकडे, खडीच्या उतारावर, धडधडत जाणाऱ्या डब्यांकडे तोंड करून ती एवढीशी मुलगी बसली होती. रडत नव्हती. घाबरलेली नव्हती. शिकवलेले काम नीट पार पाडलेल्या माणसाप्रमाणे ती मांडी घालून बसली होती, आणि तिचा उजवा हात पुढे पसरलेला होता. चाकांचा वारा तिचे केस उडवीत होता.

दीप्तीने तिला पाठीमागून उचलले आणि मागे न पाहता पळाली. डबे अजून जातच होते.

*

बारकीला आईच्या मांडीवर देऊन दीप्ती तिच्याजवळच फरशीवर बसली. “ती हात पुढे करून बसली होती,” ती पुन्हा पुन्हा सांगू लागली. “उचललं तर मला म्हणाली, गुल. गुल म्हणजे काय? काय मागत होती ती?”

सुनिल खाली बसला. सोमीचा हात आपोआप पदराच्या गाठीकडे गेला, आणि गाठ न सोडताच तेथे थांबला.

“गूळ,” ती म्हणाली. “भांडी वाजली की पळायचं, मोकळ्यात बसायचं, मग गूळ मिळतो. आमी शिकवलंय.”

 वेवजीत ज्या शिकवणीने मूल वाचणार होते, तीच शिकवण येथे त्याला दिवसातून पन्नास वेळा रुळांकडे नेणार होती. हे सर्वांना एकाच क्षणी उमगले, आणि आश्चर्य हे की इतक्या शहाण्या माणसांपैकी एकालाही ते आधी सुचले नव्हते.

दीप्ती उठली. स्वयंपाकघरात जाऊन तिने मांडणीवरचे एक एक भांडे काढून खाली गोधडीवर ठेवण्यास आरंभ केला. “आवाजच नको,” ती स्वतःशीच बोलत होती. “भांडी नकोतच इथे. खोक्यात भरते सगळी.” मघापर्यंत ज्या मुलीची तिला अडचण वाटत होती, तिच्यासाठी ती घर उलटे करावयास निघाली होती.

“एवढं कशाला, वहिनी?” सुनिल म्हणाला. “दाराला कडी लावली की झालं.”

“वर बसवतो कडी,” दिपक लगेच म्हणाला. “तिचा हात पोचणार नाही अशी. आजच बसवतो.”

“कडीनं होतं काम,” कोपऱ्यातून अहिल्याबाई बोलल्या. सुनिलला धीर द्यावा, हाच त्यांचा सरळ हेतू होता. “दिपकच्या वेळी आम्ही तेच केलं. हा नवीन आला ना आमच्याकडे, तेव्हा संध्याकाळी तलासरीची एस.टी. नाक्यावर हॉर्न द्यायची. की हा निघाला पळत फाटकाकडे! हातातला लाडू टाकून पळायचा. वाटायचं त्याला, आई उतरणार. मग गुरुजींनी दाराला वर कडी बसवली.”

“मग?” सोमीने विचारले.

“मग काय, काही दिवस दाराला हात लावून उभा राहायचा, गाडी जाईपर्यंत. रडायचा नाही हो, गुणी होता. आणि एक दिवस गाडी वाजली, तर हा उठलाच नाही. जेवत राहिला. गुरुजी म्हणाले, रुळला पोरगा. मी देवापुढे साखर ठेवली.” अहिल्याबाई समाधानाने हसल्या. “मुलं रुळतात. काळजी करू नका.”

सोमी त्यांच्याकडे पाहत राहिली. ‘सहा महिने येऊ नका, मूल रुळू द्या,’ असा निरोप गुरुजींनी पाठविला होता. मोठ्या माणसाचा शब्द म्हणून तिने आणि जिव्याने तो पाळला होता. रोज संध्याकाळी तलासरीच्या नाक्यावर ती गाडी सुटताना पाहत असे आणि गवताचा भारा उचलून घरी परते.

दिपकला यातले काहीच आठवत नव्हते. मात्र त्याची नजर स्वतःच्या घराच्या दाराकडे गेली, वरच्या बाजूला, जेथे तो थोड्याच वेळात कडी बसविणार होता.

पुष्पा उठून उभी राहिली. बारकी तिच्या कमरेवर होती.

“मी नेते हिला.”

“पुष्पे, आत्ताच तर म्हणालीस—” सुनिल म्हणाला.

“म्हणाले. झोप अजून पण पायजे मला.” ती दिराकडे वळली. “भाऊजी, तुमी चांगल्यासाठीच बोलता. पण तिथं ती पळते तेव्हा आमी सगळी तिच्यासंगं पळतो. इथं ती एकटीच पळेल. नाय तर एक दिवस पळायची थांबेल. मला दोन्ही नको.”

“आणि भिंत?” दिपकने विचारले, परंतु त्या प्रश्नात आता वाद नव्हता.

“भिंत पाडू,” सुनिल हळूच म्हणाला. भावासमोर त्याने आज प्रथमच मान वर केली होती. “पाडून टाकू. बाबाचं जुनं कुडाचं घर इतके धक्के खाऊन उभं हाय. तसंच करू. कारवीच्या काठ्या नि शेण-माती. पडलं तरी कोणी मरत नाय.”

“कारवी मिळेल?”

“सायवनच्या बाजूला मिळते.”

 “मी रजा टाकतो,” दिपक म्हणाला. “दोघांनी केलं तर लवकर होईल.”

“तुला कूड लिंपता येतो, दादा?”

“नाही.”

“आये शिकवील. पण शिव्या घालते हां ती.”

“तुला घालते. मी पावना आहे,” दिपक म्हणाला, आणि सोमीच्या ओठांचा कोपरा किंचित हलला.

दीप्ती खाली काढलेली भांडी पुन्हा मांडणीवर चढवू लागली. मुलगी जाणार हे ठरले होते, हे तिच्याही मनासारखेच झाले होते, तरी प्रत्येक ताट ती आवश्यकतेहून अधिक सावकाश ठेवीत होती. पुष्पाने झबल्यांची पिशवी काखेत मारली आणि चप्पल पायात सरकवण्यासाठी बारकीला क्षणभर खाली उभे केले.

तेवढ्यात जमिनीतून घरघर आली, आणि मांडणी खणखणली.

बारकीने आईचे बोट सोडले. वाळे वाजले. या खेपेला ती उघड्या पुढच्या दाराकडे धावली, आणि तिला अडविण्यासाठी पुष्पाने हात पुढे केला.

“धरू नको!” दिपक ओरडला, आणि तोच बारकीच्या मागून धावत सुटला. रेल्वेच्या नोकरीतला तो भारदस्त मनुष्य अनवाणी पायांनी पायऱ्या उतरून अंगणात गेला. त्याच्या मागून सुनिल, पुष्पा, पदर खोचीत सोमी आणि हातात तसाच पेला घेऊन दीप्ती, असे सारे बाहेर पडले. सर्वांत शेवटी काठी टेकीत अहिल्याबाई निघाल्या. काय चालले आहे हे त्यांना समजले नव्हते, परंतु सर्वजण निघाले असता मागे एकटे राहणे त्यांना बरे वाटले नाही.

पुढच्या अंगणाच्या मध्यभागी, भर उन्हात, बारकी मांडी घालून बसली. तिच्या भोवती तिचे सारे घर बसले.

शेजारच्या हंसाबेन धावत दारात आल्या. “शुं थयुं, दिपकभाई? धरतीकंप?”

“नाही बेन,” दिपक धापा टाकीत म्हणाला. “गाडी गेली. आमच्यात गाडी गेली की बाहेर येऊन बसायचं असतं.”

हंसाबेन त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. बारकीने हात पुढे केला. सोमीने पदराची गाठ सोडली आणि गुळाचा खडा दातांनी फोडून त्याचे दोन तुकडे केले. एक तिने नातीच्या तळहातावर ठेवला. दुसरा, कोणाकडेही न पाहता, तिने दिपकच्या दिशेने धरला.

गाडीचा शेवटचा डबा निघून गेला. दिपकने हात पुढे केला.